अर्थपरिवर्तन : ‘स्कर्ज’ या शब्दाचे उदाहरण

शब्दाचा मूळ अर्थ मागे पडून लाक्षणिक अर्थच रूढ कसा होतो, हे ‘स्कर्ज’ या इंग्रजी शब्दावरून पाहू.

लॅटिनमध्ये ‘कोरिगिया’ म्हणजे चामड्याची वादी. तिच्यावरून जुन्या फ्रेंचमध्ये ‘चाबकाने मारणे’ या अर्थाचे क्रियापद झाले. त्याच कुळातील ‘स्कर्ज’ हे नाम १३व्या शतकात इंग्रजीत ‘चाबूक’ या अर्थाने आढळते.

मध्ययुगीन ख्रिस्ती समाज रोगराई, दुष्काळ व आक्रमण यांना पापाची ईश्वरी शिक्षा मानत असे. म्हणूनच हूणांचा राजा अ‍ॅटिला ‘देवाचा चाबूक’ ठरला. पुढे चाबूक विसरला गेला, आपत्ती तेवढी उरली. आज मलेरियाला ‘स्कर्ज’ म्हणणाऱ्यास चाबूक आठवतोच असे नाही.

याच्याशी मराठीतील ‘आसूड’ ताडून पाहा. महात्मा फुले यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ (१८८३) या ग्रंथात तो शोषणावर उगारलेला आहे. ‘आसूड ओढणे’ म्हणजे कठोर टीका करणे. साधन एकच, परंतु इंग्रजी शब्दात मार सोसणाऱ्याचे दुःख स्थिरावले, मराठी शब्दात अन्यायावर प्रहार करणाऱ्याचा निर्धार. अर्थाची दिशा शब्दाच्या वापरातून ठरते, ती अशी.

स्वाध्याय : ‘कोरडे ओढणे’ या वाक्प्रचाराचे मूळ व लाक्षणिक अर्थ सोदाहरण स्पष्ट करा.