आरसा गेला, लेन्स राहिली

गेल्या पाडव्याला ओवाळणीत मी सोन्याऐवजी मिररलेस कॅमेरा मागितला. जुना डीएसएलआर मी शाळेत शिकवत असताना स्वतःच्या पगारातून घेतला होता. तो कपाटात ठेवताना नोकरीची शेवटची खूणही गेली, असं वाटलं.

डीएसएलआरमधला आरसा दृश्य डोळ्यापर्यंत पोचवतो आणि फोटो काढताना 'खटक्' करून वर उचलला जातो. मिररलेसमध्ये तो आरसाच नाही. सेन्सरवर पडलेलं चित्र डोळ्यासमोरच्या इवल्याशा पडद्यावर दिसतं. फोटो काळा येणार की उजळ, हे आधीच कळतं. बॅटरी मात्र भराभर संपते, जोडीला दुसरी हवीच.

सनाबिसहून जवळच बहरीनचा किल्ला आहे, २००५ पासून जागतिक वारसा यादीत असलेला. तिथे एका संध्याकाळी अडॅप्टर लावून जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्याला जोडली, आणि चालली की! माझ्या पगाराची लेन्स कामावर परत रुजू झाली.

त्रिपुरी पौर्णिमेला लेक पणत्या लावत होती. आवाज बंद ठेवून फोटो काढला आणि साताऱ्याला आईला पाठवला. तिचा लगेच फोन आला, "पोरगी पहिल्यांदाच कॅमेऱ्याकडे न बघता सापडली गं!"