कुत्र्याची भाकरी बंद करावी काय?

‘धान्यविरहित’ महागड्या खाद्याचा खर्च कितपत सार्थ?

हिंगोली : संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाणारे नरसी हे गाव याच जिल्ह्यातले. नामदेवांची भाकरी कुत्र्याने पळविली आणि ती त्याने कोरडी खाऊ नये म्हणून नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, ही कथा येथे लहान मुलांनाही ठाऊक असते. ज्वारीच्या या पट्ट्यात आखाड्यावरचा राखणीचा कुत्रा पिढ्यान् पिढ्या भाकरीवरच वाढला. आता मात्र शहरांतून लॅब्रॅडोर, जर्मन शेफर्ड अशा जातींची कुत्री पाळली जातात आणि त्यांच्यासोबत एक नवा प्रश्नही घरात येतो. ‘ग्रेन फ्री’ म्हणजे धान्यविरहित अशी जाहिरात करणारे प्रीमियम खाद्य नेहमीच्या खाद्याच्या दुप्पट-तिप्पट, काही वेळा त्याहूनही अधिक किमतीला मिळते. कुत्रा हा लांडग्याचा वंशज, त्याला धान्य पचत नाही, ते अपायकारक असते, असा त्यामागचा युक्तिवाद असतो. तो खरा मानला तर भाकरी घालणारा प्रत्येक मालक आपल्या कुत्र्याचे नुकसान करीत आहे, असा त्याचा अर्थ होतो. म्हणूनच हा युक्तिवाद तपासून पाहणे आवश्यक आहे.

लांडगा आणि कुत्रा यांतील फरक

कुत्रा लांडग्यापासून उत्क्रांत झाला हे खरे. परंतु माणसाच्या सहवासात त्याची पचनसंस्था बदलली. स्वीडनमधील उप्साला विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात त्याचा जनुकीय पुरावा मांडला. पिष्टमय पदार्थ पचविणारे अमायलेज हे विकर तयार करणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात केवळ दोन प्रती आढळल्या. कुत्र्यात मात्र त्या चारपासून तीसपर्यंत आढळल्या. माणूस शेती करू लागला, त्याच्या वस्तीत धान्य आले आणि त्या उष्ट्या-खरकट्यावर जगणारा प्राणी धान्य पचवू लागला, असा या संशोधनाचा मथितार्थ. कच्चे पीठ किंवा दाणे कुत्र्याला नीट पचत नाहीत. पण भाजलेली भाकरी, शिजलेला भात किंवा कण्या निरोगी कुत्रा सहज पचवितो.

अॅलर्जीचा खरा धनी कोण?

कुत्र्याला खाज सुटली, केस गळू लागले की पहिला संशय गव्हावर घेतला जातो. खाद्याच्या अॅलर्जीचे निदान झालेल्या २९७ कुत्र्यांच्या माहितीचा आढावा २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात गोमांसाची अॅलर्जी ३४ टक्के, दुग्धजन्य पदार्थांची १७ टक्के, कोंबडीच्या मांसाची १५ टक्के आणि गव्हाची १३ टक्के कुत्र्यांत आढळली. म्हणजे गव्हाचा क्रमांक चौथा आहे आणि त्याच्या आधीचे तिन्ही पदार्थ प्राणिजन्य आहेत. धान्यविरहित खाद्यात बहुधा कोंबडीचे मांस असतेच. त्यामुळे ज्या कुत्र्याला कोंबडीची अॅलर्जी आहे, त्याला महाग पिशवीचा काहीच उपयोग होत नाही.

शिवाय मुळात खाज येण्याचे कारण खाद्य असेलच असे नाही. गोचीड, पिसवा, खरूज आणि बुरशी ही आपल्याकडची नेहमीची कारणे. ती तपासून दूर केल्यानंतरच खाद्याचा विचार करावयाचा असतो. त्याची खात्रीची पद्धत म्हणजे पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली सुमारे आठ आठवडे मर्यादित घटकांचा आहार देणे आणि नंतर जुना आहार पुन्हा देऊन लक्षणे परततात का, हे पाहणे.

‘धान्यविरहित’ पिशवीत असते काय?

‘ग्रेन’ या इंग्रजी शब्दाने येथे गहू, तांदूळ, मका, ज्वारी अशी तृणधान्ये अभिप्रेत असतात. मराठीत मात्र कडधान्य हेही धान्यच. धान्यविरहित खाद्याच्या पिशवीवरील घटकांची यादी वाचली तर वाटाणा, मसूर, हरभरा, बटाटा, रताळे ही नावे आढळतात. सुक्या खाद्याचे दाणे बांधण्यासाठी पिष्टमय पदार्थ लागतोच; तो तांदळातून घेतला नाही तर वाटाण्यातून किंवा बटाट्यातून घेतला जातो. म्हणजे रब्बीत हिंगोलीच्या शिवारात उभा असणारा हरभरा ‘धान्यविरहित’ ठरतो आणि त्याच्या शेजारची ज्वारी तेवढी वर्ज्य ठरते. पिशवीतील पिष्टाचे प्रमाण त्यामुळे कमी होतेच असे नाही.

या खाद्याची मागणी वाढण्यास २००७ सालची एक घटनाही कारणीभूत ठरली. चीनमधून आयात केलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये मेलामाइन या रसायनाची भेसळ आढळली, त्यामुळे अमेरिकेत अनेक कुत्री-मांजरे मूत्रपिंडे निकामी होऊन दगावली आणि मोठ्या प्रमाणावर खाद्य बाजारातून परत घ्यावे लागले. दोष भेसळीचा होता. परंतु ग्राहकांच्या मनात गहू बदनाम झाला.

हृदयविकाराची शंका

पुढे शंकेचा काटा उलट दिशेला वळला. जुलै २०१८ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने धान्यविरहित खाद्य आणि कुत्र्यांतील ‘डायलेटेड कार्डिओमायोपथी’ या हृदयविकाराचा संबंध आहे का, याची तपासणी सुरू केल्याचे जाहीर केले. या विकारात हृदयाचे स्नायू दुर्बल होतात, हृदय फुगते आणि रक्त ढकलण्याची त्याची ताकद घटते. जानेवारी २०१४ ते एप्रिल २०१९ या काळात प्रशासनाकडे अशी ५२४ प्रकरणे नोंदली गेली. त्यांतील नव्वद टक्क्यांहून अधिक प्रकरणांत खाद्य धान्यविरहित होते आणि बहुतेकांत वाटाणा किंवा मसूर होता.

मात्र येथेही घाईने निष्कर्ष काढणे योग्य नाही. डॉबरमनसारख्या काही जातींत हा विकार आनुवंशिक असतो. उपलब्ध माहितीवरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, असे प्रशासनाने डिसेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केले. तात्पर्य एवढेच, की धान्यविरहित खाद्य अधिक आरोग्यदायी असल्याचा पुरावा नाही आणि ते पूर्णपणे निर्धोक असल्याचीही खात्री देता येत नाही.

भाकरीत उणे काय?

याचा अर्थ नुसती भाकरी पुरेशी आहे, असा नव्हे. मालकांचे खरे दुर्लक्ष होते ते येथेच. १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम प्रथिने असतात. अमेरिकेतील पशुखाद्य नियंत्रण अधिकाऱ्यांच्या संघटनेच्या निकषानुसार ओलावा वगळता प्रौढ कुत्र्याच्या आहारात किमान १८ टक्के, तर वाढत्या पिल्लाच्या आहारात किमान साडेबावीस टक्के प्रथिने हवीत.

कॅल्शियमची तूट तर याहून मोठी आहे. १०० ग्रॅम ज्वारीत अवघे २५ मिलिग्रॅम कॅल्शियम आणि सुमारे २२० मिलिग्रॅम फॉस्फरस असते. पिल्लाला दर १०० ग्रॅम कोरड्या आहारामागे किमान १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते आणि त्याचे प्रमाण फॉस्फरसइतके किंवा त्याहून अधिक असावे लागते. केवळ भाकरीवर, पोळीवर किंवा नुसत्या मांसाच्या तुकड्यांवर वाढविलेल्या मोठ्या जातीच्या पिल्लांचे पाय वाकतात, हाडे ठिसूळ होतात, ती याच कारणाने. नाचणीत ज्वारीच्या कितीतरी पट कॅल्शियम असले तरी पिल्लाची गरज तीही एकटी भागवू शकत नाही. त्याच वेळी मोठ्या जातीच्या पिल्लांना कॅल्शियमचा अतिरेकही घातक ठरतो. औषधाची मात्रा मनानेच ठरवू नये.

भाकरीला अंडे, मांस किंवा मासळीची जोड दिली आणि पशुवैद्यकाच्या सल्ल्याने क्षार व जीवनसत्त्वे दिली तर घरचा आहार समतोल होऊ शकतो. दूध अनेक प्रौढ कुत्र्यांना पचत नाही. त्याऐवजी दही किंवा ताक बरे. कांदा-लसणाचा रस्सा, मनुका, द्राक्षे, चॉकलेट आणि शिजविलेली हाडे मात्र कटाक्षाने टाळावीत. पावसात भिजून काळी पडलेली ज्वारी किंवा बुरशी आलेला मका ‘कुत्र्यापुरता’ म्हणून बाजूला काढण्याची सवय धोकादायक आहे. बुरशीतील अफ्लाटॉक्सिनसारखी विषे कुत्र्याचे यकृत निकामी करतात.

पैशांचा हिशेब

वीस किलो वजनाच्या प्रौढ कुत्र्याला दिवसाला साधारण एक हजार किलोकॅलरी लागतात. सुक्या खाद्यातून ती गरज भागवायची तर दररोज सुमारे ३०० ग्रॅम, म्हणजे महिन्याला नऊ किलो खाद्य लागते. दोन खाद्यांच्या भावात किलोमागे शंभर रुपयांचा फरक असेल तर महिन्याला नऊशे आणि वर्षाला दहा हजार आठशे रुपये जादा जातात. फरक पाचशेचा असेल तर हीच रक्कम वर्षाला ५४ हजारांवर पोहोचते.

याच रकमेच्या लहानशा भागात रेबीजप्रतिबंधक लस, डिस्टेंपर व पार्व्हो या रोगांवरील लस, नियमित जंतनाशक आणि गोचीड निर्मूलन ही सगळी कामे होतात. पार्व्होने पिल्लू काही दिवसांत दगावते, गोचिडांमुळे होणारा ताप धडधाकट कुत्र्यालाही आडवा करतो आणि रेबीज झाला तर कुत्र्याबरोबर घरातील माणसांचाही जीव धोक्यात येतो. महागडी पिशवी घेऊन लसीकरण पुढे ढकलणारा मालक अग्रक्रम चुकवीत असतो.

निवड कशी करावी?

तयार खाद्य घ्यायचेच असेल तर पिशवीच्या दर्शनी भागावरील दाव्यांपेक्षा मागील बाजूचा मजकूर वाचावा. खाद्य ‘संपूर्ण व संतुलित’ आहे का, ते पिल्लासाठी आहे की प्रौढासाठी, प्रथिनांचे प्रमाण किती, उत्पादनाची व मुदत संपण्याची तारीख कोणती, या बाबी पाहाव्यात. उन्हाळ्यात मराठवाड्याचा पारा चाळिशी ओलांडतो. अशा वेळी उघडी राहिलेली पिशवी लवकर खवट होते. म्हणून महिनाभरात संपेल एवढेच खाद्य आणावे आणि तारीख न कळणारे सुटे खाद्य टाळावे.

तपासणीअंती एखाद्या कुत्र्याला गव्हाची किंवा अन्य तृणधान्याची अॅलर्जी सिद्ध झाली असेल तर धान्यविरहित खाद्यावरील खर्च सार्थ आहे. अशा वेळी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याचा किंवा परभणी येथील पशुवैद्यकीय व पशुविज्ञान महाविद्यालयाचा सल्ला घेता येतो. अन्य निरोगी कुत्र्यांसाठी धान्य असलेले, पण समतोल असे मध्यम किमतीचे खाद्य किंवा विचारपूर्वक केलेला घरचा आहार पुरेसा आहे. नामदेवांनी कुत्र्याची भाकरी काढून घेतली नाही, तिच्यात जे उणे होते ते दिले. पशुआहारशास्त्राचा सल्लाही याहून फारसा वेगळा नाही.