बाबागाडीच्या चाकांना वंगण कोणते?

यवतमाळ, वणी, पांढरकवडा हा कापसाचा मुलूख. येथे धूळ व कापसाचे तंतू आसात अडकले की बाबागाडीचे चाक कुरकुरू लागते. बंडीच्या आसाला एरंडेल चालत असे. बाबागाडीचे चाक बहुधा प्लास्टिकचे. खोबरेल थंडीत थिजते, गोडेतेल चिकट होऊन धूळ धरते. म्हणून आधी अडकलेले धागे व केस काढून आस पुसावा. मग सिलिकॉन स्प्रे कापडावर थोडासा घेऊन चोळावा. धातूच्या बेअरिंगला लिथियम ग्रीस योग्य. त्याला घट्टपणा देणारा घटक बहुधा एरंडेलापासूनच बनतो. तरीही प्राणिज चरबी नसल्याची उत्पादकाकडे खात्री करून घ्यावी. ब्रेकला मात्र वंगणाचा थेंबही लागू देऊ नये. कुरकुर सोसता येते; उतारावर निसटलेली बाबागाडी नाही.