वायरलेस बास गिटार : भीती कशाची, काळजी कशाची?

भीमजयंतीच्या गीतांचा कार्यक्रम असो, गणपतीतला ऑर्केस्ट्रा असो की लग्नातला. परभणी, जिंतूर, गंगाखेडच्या मंचांवर जागा कमी आणि वायरींचा गुंता मोठा. ढोलकी, ऑक्टोपॅड आणि कीबोर्डच्या मधून बास वाजवणाऱ्याने पाय टाकायचा कुठे? म्हणूनच काही हजारांत मिळणाऱ्या वायरलेस संचाकडे नजर जाते. पण खरेदीची वेळ आली, की ऐकीव गोष्टी आडव्या येतात.

गैरसमज : वायरलेसवर खर्ज पातळ होतो.

वस्तुस्थिती : चार तारांच्या बासची सर्वांत जाड खुली तार सुमारे ४१ हर्ट्झवर वाजते, पाच तारांच्या बासची सुमारे ३१ हर्ट्झवर. बहुतेक डिजिटल संच २० हर्ट्झपासूनचा आवाज वाहून नेतात. मूळ तक्रार जुन्या ॲनालॉग संचांची आहे. ते आवाज पाठवताना दाबत आणि पोहोचल्यावर पुन्हा फुलवत. त्या ओढाताणीत खर्जाला धाप लागल्यासारखे वाटे. आता फरक पडतो तो वरच्या सुरांत. लांब वायरीच्या धारितेमुळे तारेची चमक थोडी कमी होते, वायरलेसमध्ये ती टिकते. त्यामुळे वायरीला सरावलेल्या कानाला आवाज उगाच हलका वाटतो. बॉस कंपनीने ‘डब्ल्यूएल-२०’ या संचात वायरीचा परिणाम मुद्दाम घातला आहे, तर ॲक्टिव्ह पिकअपच्या वाद्यांसाठी तो परिणाम नसलेला ‘डब्ल्यूएल-२०एल’ वेगळा काढला आहे.

गैरसमज : सूर उशिरा पोहोचतो, ठेका सुटतो.

वस्तुस्थिती : ‘डब्ल्यूएल-२०’चा विलंब २.३ मिलिसेकंद आहे, लाइन ६ कंपनीच्या ‘रिले जी१०’चा २.९. ॲम्पपासून दोन मीटरवर उभे राहिले, तर हवेतून आवाज कानापर्यंत यायलाच सुमारे ६ मिलिसेकंद लागतात. ठेका सुटतो तो साध्या ब्लूटूथवर, कारण तिथे विलंब अनेकदा १०० ते २०० मिलिसेकंद असतो. १२० च्या लयीत एक ठोका ५०० मिलिसेकंदांचा. त्यातले २०० गेले तर ढोलकीवाला मान वळवून बघणारच.

गैरसमज : यूएचएफ लहरींवर चालणारे संच महाग, म्हणजे तेच भरवशाचे.

वस्तुस्थिती : संच लहरींच्या कोणत्या पट्ट्यात चालतो, ते आधी पाहावे. ७०३ ते ७४८ आणि ७५८ ते ८०३ मेगाहर्ट्झ हे पट्टे आता मोबाइल सेवेचे आहेत. २०२२ च्या लिलावात ७०० मेगाहर्ट्झचा स्पेक्ट्रम जिओने देशभरासाठी घेतला. या पट्ट्यातला जुना यूएचएफ संच स्वस्तात मिळाला तरी घेऊ नये. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा भारतात २००५ पासून कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त आहे. मात्र वायफाय आणि ब्लूटूथही तिथेच असल्याने तिथे गर्दी असते.

गैरसमज : खोक्यावर ३० मीटर लिहिले आहे, म्हणजे मंचावर चिंता नाही.

वस्तुस्थिती : तो पल्ला मोकळ्या जागेतला असतो. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी माणसाच्या शरीरातल्या पाण्यात शोषल्या जातात. वादकाने पाठ फिरवली आणि रिसीव्हर ॲम्पमागे जमिनीवर असेल, तर आवाज तुटू शकतो. रिसीव्हर समोर, नजरेच्या टप्प्यात ठेवावा. दुपारच्या रिकाम्या मैदानात घेतलेली चाचणी पुरेशी नसते. संध्याकाळी मोबाइलधारी गर्दी जमल्यावर तोच संच अडखळू शकतो.

गैरसमज : वायरलेस म्हणजे नुसता दिखावा.

वस्तुस्थिती : १२ डिसेंबर १९७६ रोजी फ्लोरिडातल्या लेकलँडमध्ये ‘किस’ बँडचा गिटारवादक एस फ्रेली याला मंचावर विजेचा जबर धक्का बसला. त्यानंतर या बँडने वायरलेस गिटार वापरायला घेतली. जनरेटरवर चालणाऱ्या आणि अर्थिंगची खात्री नसलेल्या मंचावर तारा आणि ॲम्प यांच्यातला धातूचा दुवा तुटणे हा मोठा फायदा आहे. ॲम्प, पेडल आणि माइकचा धोका मात्र तसाच राहतो, त्यामुळे अर्थिंग तपासण्याला पर्याय नाही.

घेताना संच स्वतःच्याच बासवर लावून पाहावा. ॲक्टिव्ह बासवर काही स्वस्त ट्रान्समीटर घरघर करतात. दोन संच असतील तर चॅनेल वेगळे ठेवावेत. बॅटरी कार्यक्रमाच्या वेळेपेक्षा दुप्पट टिकणारी असावी आणि निघण्यापूर्वी पूर्ण चार्ज करावी. चांगली सहा मीटरची वायर पिशवीत ठेवायला मात्र विसरू नये.