पायाआधी कळस : स्त्रियांची आइस हॉकी आणि देशाचा संघ

हिवाळी खेळ आणि स्त्रिया : लेखांक सहावा

कोणताही सांघिक खेळ सामान्यतः खालून वर वाढतो. आधी तो गावात आणि शाळेत रुजतो, मग क्लब उभे राहतात, क्लबांच्या साखळी स्पर्धा सुरू होतात, त्यांतून व्यावसायिक लीग जन्माला येते आणि सर्वांत शेवटी, कळसासारखा, देशाचा संघ उभा राहतो. पुरुषांच्या आइस हॉकीचा इतिहास याच क्रमाने घडला. कॅनडातील मॉन्ट्रियल शहरात १८७५ साली बंदिस्त मैदानावर सामना झाला, १८९३ पासून स्टॅनले चषक दिला जाऊ लागला, १९१७ साली नॅशनल हॉकी लीग स्थापन झाली आणि त्यानंतर, १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये, हा खेळ प्रथमच ऑलिंपिकच्या व्यासपीठावर आला. स्त्रियांच्या आइस हॉकीत मात्र हा क्रम बहुतेक ठिकाणी उलटा झाला. देशाचा संघ आधी उभा राहिला आणि त्याला आधार देणारी मैदाने, शाळा, लीग आणि वेतन ही सारी व्यवस्था फार मागून आली किंवा अजून यायची आहे. या खेळातील विजय-पराजयांचा अर्थ लावायचा असेल, तर हा उलटा क्रम आधी समजून घेतला पाहिजे.

आपल्याकडे हॉकी म्हटले की हिरव्या मैदानावरचा चेंडूचा खेळ डोळ्यांसमोर येतो. आइस हॉकी त्याहून बरीच वेगळी आहे. सुमारे ६० मीटर लांबीच्या, कडेने भिंतीसारख्या फळ्या लावलेल्या बर्फाच्या मैदानावर, ज्याला ‘रिंक’ म्हणतात, प्रत्येक बाजूचे गोलरक्षकासह सहा खेळाडू पायांत पाती बसवलेले बूट घालून खेळतात. चेंडूच्या जागी कडक रबराची चपटी चकती असते, तिला ‘पक’ म्हणतात. तिचा व्यास साडेसात सेंटिमीटरांहून किंचित अधिक आणि वजन साधारणतः १६० ग्रॅम असते. सामना प्रत्येकी २० मिनिटांच्या तीन सत्रांचा असतो, आणि खेळाचा वेग इतका असतो की दर मिनिटभराने खेळाडूंची तुकडी बदलावी लागते. म्हणजेच या खेळाला केवळ सहा चांगले खेळाडू पुरत नाहीत, तर सारख्या तयारीच्या वीसेक खेळाडूंचा ताफा, दर्जेदार साहित्य आणि वर्षातील निदान काही महिने हमखास मिळणारा बर्फ लागतो. पायाभूत व्यवस्थेचा अभाव इतर खेळांपेक्षा येथे अधिक जाणवतो तो यामुळेच.

कॅनडातील स्त्रिया एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून आइस हॉकी खेळत होत्या आणि १९३० च्या दशकात तेथे स्त्रियांचे संघ लोकप्रियही झाले होते. परंतु दुसऱ्या महायुद्धानंतर ही परंपरा क्षीण झाली. तिचे पुनरुज्जीवन झाले ते प्रामुख्याने आंतरराष्ट्रीय स्पर्धेच्या निमित्ताने. १९८७ साली टोरोंटो येथे अनधिकृत जागतिक स्पर्धा झाली आणि मार्च १९९० मध्ये ओटावा येथे आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघाची पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा भरली. तीत आठ देश उतरले आणि अंतिम सामन्यात कॅनडाने अमेरिकेचा ५-२ असा पराभव केला. लोकांचे लक्ष वेधण्यासाठी यजमान कॅनडाच्या खेळाडूंना गुलाबी जर्सी घालायला लावण्यात आली होती, यावरून त्या काळच्या संयोजकांचा स्त्रियांच्या खेळाकडे पाहण्याचा दृष्टिकोन पुरेसा स्पष्ट होतो. पक ताब्यात असलेल्या प्रतिस्पर्ध्याला अंगाची धडक देऊन पक सोडवून घेण्याच्या कृतीस ‘बॉडी चेकिंग’ म्हणतात. या स्पर्धेत तिला मुभा होती, पुढच्या स्पर्धेपासून ती काढून घेण्यात आली आणि त्यामुळे स्त्रियांच्या खेळात अंगबळापेक्षा स्केटिंग, पकवरील ताबा आणि एकमेकींना दिलेले पास यांना अधिक महत्त्व आले.

१९९८ च्या नागानो ऑलिंपिकमध्ये सहा संघांसह स्त्रियांची स्पर्धा प्रथमच घेण्यात आली आणि अमेरिकेने कॅनडाला ३-१ असे हरवून पहिले सुवर्णपदक मिळवले. ऑलिंपिकच्या या दारामुळे अनेक देशांच्या संघटनांना स्त्रियांचा संघ उभा करणे भाग पडले, हा त्याचा मोठा लाभ होय. परंतु संघ उभा करणे आणि खेळ उभा करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २००८ साली ऑलिंपिकच्या पूर्वपात्रता फेरीत स्लोव्हाकियाने बल्गेरियाला ८२-० असे हरवले, आणि हाच स्लोव्हाकियाचा संघ २०१० साली व्हँकुव्हर येथे कॅनडाकडून १८-० असा पराभूत झाला. अशा निकालांवरून या खेळाच्या ऑलिंपिकमधील स्थानाविषयीच प्रश्न विचारले गेले. वस्तुतः हे आकडे खेळाडूंची कुवत दाखवत नव्हते, तर ज्या देशांत मुलींना लहानपणापासून बर्फ मिळतो आणि ज्या देशांत तो मिळत नाही, त्यांच्यातील अंतर दाखवत होते.

या उलट्या क्रमाचे सर्वांत बोलके उदाहरण दक्षिण कोरियाचे आहे. त्या देशात मुलींच्या शालेय वा महाविद्यालयीन संघांची परंपरा नव्हती. जे काही होते ते जवळजवळ राष्ट्रीय संघापुरतेच. २००७ च्या आशियाई हिवाळी स्पर्धेत या संघाला जपानने २९-० असे हरवले. पुढे २०१८ चे ऑलिंपिक प्याँगचांगला मिळाल्यावर यजमान म्हणून संघाला प्रवेश मिळाला आणि तयारीला वेग आला. सारा मरे या प्रशिक्षक म्हणून आल्या, उत्तर अमेरिकेतील कोरियन वंशाच्या खेळाडू संघात घेतल्या गेल्या आणि २०१७ साली साप्पोरो येथे या संघाने चीनला शूटआउटमध्ये हरवले. बरोबरीत सुटलेल्या सामन्याचा निकाल गोलरक्षकासमोर एकेका खेळाडूला संधी देऊन लावण्याच्या पद्धतीला ‘शूटआउट’ म्हणतात. शून्यावर २९ गोल खाणाऱ्या संघाचा दहा वर्षांतील हा प्रवास स्वतंत्रपणेच गौरवास पात्र आहे.

ऑलिंपिक तीन आठवड्यांवर आले असताना मात्र, दोन्ही कोरियांमधील राजकीय वाटाघाटींतून, या संघात उत्तर कोरियाच्या १२ खेळाडूंचा समावेश करण्याचा निर्णय झाला. दक्षिणेच्या २३ आणि उत्तरेच्या १२ अशा ३५ जणींचा संयुक्त संघ तयार झाला आणि प्रत्येक सामन्यात उत्तरेच्या किमान तीन खेळाडूंना स्थान देण्याचे ठरले. वर्षभरापूर्वी, एप्रिल २०१७ मध्ये, हेच दोन संघ गांगनुंग येथे परस्परांविरुद्ध खेळले होते. अनेक वर्षे राबलेल्या खेळाडूंची जागा राजकारणासाठी जावी काय, या प्रश्नावर दक्षिण कोरियात, विशेषतः तरुणांत, तीव्र नाराजी व्यक्त झाली आणि ती रास्तच होती. अडचण भाषेचीही होती. दक्षिणेच्या खेळाडू खेळातील संज्ञांसाठी इंग्रजीतून आलेले शब्द वापरत, तर उत्तरेच्या खेळाडू शुद्ध कोरियन शब्द. त्यामुळे एकच भाषा बोलणाऱ्या या मुलींसाठी शब्दसूची तयार करावी लागली. संयुक्त संघ पाचही सामने हरला, त्याने २८ गोल स्वीकारले आणि केवळ दोन केले. त्यांतील पहिला गोल १४ फेब्रुवारी रोजी जपानविरुद्ध रँडी हीसू ग्रिफिन या, आईकडून कोरियन असलेल्या, अमेरिकेत वाढलेल्या खेळाडूने केला. याच संघातील मारिसा ब्रँट बालपणी अमेरिकन कुटुंबात दत्तक गेलेली होती आणि तिची बहीण हॅना त्याच ऑलिंपिकमध्ये अमेरिकेकडून खेळून सुवर्णपदक विजेती ठरली. ज्या खेळाडूंना आपल्या देशात खेळायला साधा क्लब नव्हता, त्यांच्या खांद्यांवर दोन देशांच्या समेटाचे ओझे ठेवले गेले. त्यांनी ते निमूटपणे आणि सन्मानाने पेलले, हे त्या २८ गोलांपेक्षा अधिक लक्षात ठेवण्यासारखे आहे.

प्रगत देशांतही पाया आपोआप घातला गेला नाही. जागतिक विजेत्या अमेरिकी संघातील खेळाडूंचे म्हणणे असे होते की, राष्ट्रीय संघटनेकडून त्यांना ऑलिंपिकच्या आसपासच्या सहा महिन्यांपुरतेच दरमहा १,००० डॉलर मिळतात. योग्य मानधन आणि पुरुषांच्या व मुलांच्या संघांना मिळणाऱ्या सोयींच्या तोडीचे साहाय्य मिळावे, यासाठी त्यांनी २०१७ साली मायदेशातच भरणाऱ्या जागतिक स्पर्धेवर बहिष्कार जाहीर केला. संघटनेने पर्यायी खेळाडूंचा शोध सुरू केला, तेव्हा देशाची जर्सी घालण्याची आयुष्यातील एकमेव संधी समोर असतानाही महाविद्यालयीन खेळाडूंनी, इतकेच नव्हे तर शाळकरी मुलींनीही नकार दिला. स्पर्धेला तीन दिवस उरले असताना, २८ मार्च रोजी, करार झाला आणि त्यानंतर याच संघाने अंतिम सामन्यात कॅनडाला जादा वेळेत ३-२ असे हरवले. जानेवारी २०२४ मध्ये सहा संघांची व्यावसायिक महिला हॉकी लीग सुरू झाली, म्हणजे पहिल्या जागतिक स्पर्धेनंतर जवळपास ३४ वर्षांनी.

भारताची कथा याच साखळीतील आहे. भारतीय संघटना १९८९ साली आंतरराष्ट्रीय महासंघाची सदस्य झाली. स्त्रियांचा संघ प्रथम २०१६ साली तैपेई येथील आशियाई स्पर्धेत उतरला आणि त्याच्या प्रवासखर्चासाठी लोकवर्गणी गोळा करावी लागली. संघातील बहुतेक मुली लडाखच्या. सुमारे ३,५०० मीटर उंचीवरील लेहच्या परिसरात तलाव गोठतात तेवढे जेमतेम दोन महिने त्यांना सराव मिळे, आणि वर्षभर वापरता येईल असे पूर्ण आकाराचे मैदान हाताशी नव्हते. अशा स्थितीत २०१७ साली बँकॉक येथे त्यांनी फिलिपिन्सला ४-३ असे हरवून पहिला आंतरराष्ट्रीय विजय मिळवला. चार ऑलिंपिक सुवर्णपदके मिळवणाऱ्या कॅनडाच्या हेली विकेनहायझर यांनी २०१८ साली लडाखला भेट देऊन तेथील मुलींबरोबर सराव केला आणि त्याच वर्षी भारतीय संघाला कॅल्गरीला बोलावले. लेहमध्ये आता कृत्रिम बर्फाचे मैदान झाले आहे आणि २०२५ साली संयुक्त अरब अमिरातीतील अल ऐन येथील आशिया चषकात भारतीय स्त्रियांनी कांस्यपदक मिळवले.

या पदकाचे मोल त्याच्या धातूवरून नव्हे, तर त्याखाली किती थोडा पाया होता यावरून ठरवले पाहिजे. त्याच वेळी, खेळाडूंच्या जिद्दीचे कौतुक करून व्यवस्थेने आपली जबाबदारी झटकणेही तितकेच चुकीचे ठरेल, कारण जिद्दीने एक पिढी घडते, दुसरी घडण्यासाठी मैदान लागते. म्हणून यापुढे भारतीय स्त्रियांच्या आइस हॉकी संघाची बातमी वाचनात येईल, तेव्हा वाचकांनी गोलफलकाबरोबर आणखी दोन प्रश्न अवश्य विचारावेत : या मुलींना वर्षातील किती महिने बर्फ मिळाला, आणि त्यांच्यामागे शाळांमध्ये खेळणाऱ्या मुलींचे किती संघ उभे आहेत?