नोट्स ज्याच्या त्याच्या हातच्या

१८१२ साली लंडनमध्ये बुकबाइंडिंगचं काम शिकणारा वीस वर्षांचा एक मुलगा रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये हम्फ्री डेव्ही यांची चार व्याख्यानं ऐकायला गेला. तिकिटं दुकानातल्या एका गिऱ्हाइकाने दिली होती. शाळा तर त्याची लहानपणीच सुटलेली. व्याख्यान चालू असताना त्याने भराभर टिपून घेतलं, घरी येऊन ते पुन्हा सविस्तर लिहिलं, उपकरणांच्या आकृत्या काढल्या आणि सुमारे ३०० पानांची ती वही स्वतःच्या हाताने बांधून डेव्हींना पाठवली. १८१३च्या मार्चमध्ये त्याला तिथेच प्रयोगशाळेत मदतनिसाची नोकरी लागली. हा मायकेल फॅरडे. विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचा त्याचा १८३१चा शोध आपली दहावीची मुलं ‘विद्युतधारेचे परिणाम’ या धड्यात शिकतात.

फॅरडेने तेच व्याख्यान दोनदा लिहिलं, आणि तो शिकला तो दुसऱ्या वेळी लिहिताना, असं मला वाटतं. आजच्या दहावीच्या दप्तरात नोट्सना तोटा नाही. क्लासच्या छापील नोट्स, गाईड, अपेक्षित प्रश्नसंच, मागच्या वर्षीच्या ताईच्या वहीची झेरॉक्स, वर फोनवर आलेल्या पीडीएफ. पण काय ठेवायचं, काय गाळायचं, कशाला कशाशी जोडायचं हे सगळं त्या नोट्स काढणाऱ्याने ठरवलेलं असतं. अभ्यास त्याचा झालेला असतो. आपण त्यावर पिवळा हायलायटर फिरवतो आणि धडा झाला असं समजतो.

या समजुतीची परीक्षा मानसशास्त्रज्ञांनी घेतली आहे. अमेरिकेतल्या रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ साली विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी तो मिटून आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा लिहून काढणारे पुढे गेले. परीक्षेच्या आदल्या रात्री नुसतं वाचून ‘सगळं येतंय’ असं का वाटतं आणि पुढच्या आठवड्यात ते का उरत नाही, याचं उत्तर यातच आहे. २०१३ साली डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा पद्धती पारखल्या. त्यांत स्वतःची चाचणी घेणं आणि अभ्यास अंतराअंतराने वाटून करणं या दोन पद्धती सर्वांत उपयोगी ठरल्या. अधोरेखन आणि पुनर्वाचन तळाला राहिले.

म्हणून वहीच्या पानाला डावीकडे रुंद समास सोडावा. उजवीकडे टिपण, डावीकडे त्या टिपणातून निघणारे प्रश्न. उजळणी करताना उजवी बाजू झाकायची आणि प्रश्नांची उत्तरं द्यायची. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठातल्या वॉल्टर पॉक यांनी रूढ केलेली ही मांडणी आपल्या दुरेघी वहीतही सहज बसते.

मात्र सगळ्या विषयांच्या नोट्स एकाच साच्यात काढू नयेत. आपल्या मुलांचं नुकसान इथे सर्वांत जास्त होतं, असं मला वाटतं.

भूगोल घ्या. २०१८पासूनचं दहावीचं पुस्तक भारत आणि ब्राझील शेजारी ठेवून शिकवतं. मुलं मुद्दे क्रमांकाने पाठ करतात आणि परीक्षेत दोन देशांची सरमिसळ होते. त्याऐवजी हाताने दोन नकाशे काढावेत, सुबक नसले तरी चालतील. ब्राझीलमधून विषुववृत्त जातं आणि मकरवृत्तही. भारतातून फक्त कर्कवृत्त. या रेषा ओढल्या की ॲमेझॉनच्या खोऱ्यात बारमाही पाऊस का, हे पाठ करावं लागत नाही. ईशान्य ब्राझीलमधला ‘अवर्षण चतुष्कोन’ काढताना समुद्राकडून येणारे वारे बाणांनी दाखवावेत आणि उच्चभूमीच्या पलीकडे पर्जन्यछाया रेखाटावी. मग दुसऱ्या नकाशात सह्याद्री काढून माण-खटाव कुठे येतात ते पाहावं. तोच बाण, तोच डोंगर, तीच कोरडी बाजू. ‘भौगोलिक कारणे द्या’चं उत्तर नकाशातच उभं असतं.

विज्ञानात नुसतं सूत्र उतरवून भागत नाही, त्याच्या शेजारी उत्तर तपासायची खूण हवी. बहिर्वक्र भिंगाचं नाभीय अंतर १० सेमी, वस्तू १५ सेमी अंतरावर. चिन्हसंकेताप्रमाणे वस्तूचं अंतर ऋण धरलं की प्रतिमा ३० सेमीवर येते. चिन्ह विसरलं तर उत्तर येतं ६ सेमी. ज्याच्या वहीत ‘वस्तू F आणि 2F यांच्या दरम्यान असेल तर प्रतिमा 2F च्या पलीकडे’ असं आकृतीसह लिहिलेलं आहे, त्याला ६ हा आकडा दिसताक्षणी खटकतो. 2F तर २० सेमीवर आहे.

गणितात सोडवलेल्या उदाहरणांपेक्षा चुकलेल्या उदाहरणांची वही मोलाची. x² = 5x हे वर्गसमीकरण सोडवताना दोन्ही बाजूंना x ने भागलं की ५ हे एकच मूळ हाती येतं आणि शून्य हे मूळ निसटतं. ही चूक, ती का झाली त्याची एक ओळ आणि खाली बरोबर रीत. एवढं पान पूर्वपरीक्षेआधी दहा सोडवलेल्या उदाहरणांपेक्षा जास्त कामाला येतं.

इतिहासात रांके, मार्क्स, फुको अशी नावं एकामागून एक येतात. प्रत्येकासमोर त्याने इतिहासकाराला कोणता प्रश्न विचारायला शिकवलं, एवढं एक वाक्य लिहावं. मराठीच्या रसग्रहणासाठी तर तयार उतारा पाठ करूच नये. कवितेतले आपल्याला थांबवणारे दोन-तीन शब्द आणि ते का थांबवतात, एवढं टिपून ठेवलं की आशयसौंदर्य आणि काव्यसौंदर्य दोन्हींना तिथून वाट फुटते.

मग तयार नोट्स टाकून द्यायच्या का? नाही. १९०३च्या सुमारास कुंभकोणममध्ये शाळकरी रामानुजनच्या हाती जॉर्ज कार यांचं एक पुस्तक आलं. कार लंडनमध्ये खासगी शिकवण्या घेत, आणि पुस्तक म्हणजे हजारो गणिती निष्कर्षांचं संकलन होतं. सिद्धता बहुतेक ठिकाणी त्रोटक किंवा नाहीतच. म्हणजे एका अर्थी ती क्लासची तयार टिपणंच. रामानुजनने एकेक निष्कर्ष स्वतः सिद्ध करायला घेतला आणि पुढे स्वतःच्या वह्या लिहिल्या. गाईडही असं वापरता येतं: उत्तर झाकून आधी आपलं लिहायचं, मग पडताळायचं, आणि फरक सापडेल तेवढाच आपल्या वहीत उतरवायचा.

दिवाळीच्या सुट्टीपर्यंत प्रथम सत्राचे धडे झालेले असतात आणि पूर्वपरीक्षेला अजून अवधी असतो. रोज दोन विषयांचा एकेक धडा पुस्तक मिटून लिहून काढावा, राहिलेलं दुसऱ्या रंगाने भरावं. तोच धडा तीन दिवसांनी, मग दहा दिवसांनी, मग महिन्याने फक्त समासातल्या प्रश्नांवरून आठवून पाहावा. दुसऱ्या रंगात जे असेल, तेवढ्यासाठीच पुन्हा पुस्तक उघडावं लागेल.