छतावरील सौरवीज आणि परवानगीचे कागद

चेन्नईतील मांबलम रेल्वेस्थानकाच्या पूर्वेस त्यागरायनगरची गजबजलेली बाजारपेठ आहे. रूळ ओलांडून पश्चिमेस उतरले की वेस्ट मांबलम ही जुनी, दाट लोकवस्ती लागते. अरुंद रस्ते, तीन-चार मजली सदनिकांच्या इमारती आणि त्यांच्यावर सिमेंटच्या सपाट गच्च्या, असे या भागाचे रूप आहे. गच्चीवर पाण्याच्या टाक्या असतात, कपड्यांच्या दोऱ्या असतात आणि उन्हाळ्यात वाळवणे पसरलेली असतात. सतराव्या शतकात व्यंकोजीराजांनी तंजावरला राज्य स्थापन केले. त्या काळी दक्षिणेत गेलेल्या मराठी घराण्यांचे वंशज आज चेन्नईतही राहतात आणि घरात तंजावरी वळणाची मराठी बोलतात. अशा एखाद्या कुटुंबातील कर्त्या माणसाने आपल्या इमारतीच्या गच्चीवर स्वतःच्या हातांनी सौरवीज यंत्रणा बसवण्याचे ठरवले, तर त्याला कोणत्या परवानग्या घ्याव्या लागतील?

प्रथमदर्शनी हे काम सोपे वाटते. चेन्नई सुमारे 13 अंश उत्तर अक्षांशावर असल्याने ऊन भरपूर मिळते. पॅनेल, इन्व्हर्टर, केबल, लोखंडी सांगाडा हे सारे बाजारात सुटे मिळते. आज सर्रास विकले जाणारे 540 वॅटचे पॅनेल साधारण सव्वादोन मीटर लांब, सव्वा मीटरच्या आत रुंद आणि 28 किलोच्या आसपास वजनाचे असते. दोघांना ते सहज उचलता येते. एक किलोवॅट क्षमतेला सुमारे 10 चौरस मीटर मोकळी जागा लागते आणि तिच्यापासून दिवसाला सरासरी चार युनिट वीज मिळते. हातात पाना आणि अंगात उत्साह असलेल्या माणसाला यात अवघड काही दिसत नाही. अडचण पॅनेल चढवण्यात नसून ते कोठे चढवायचे आणि त्यांची तार कोठे जोडायची, या दोन प्रश्नांत आहे.

पहिला प्रश्न गच्चीच्या मालकीचा. स्वतंत्र घर असेल तर तो उद्भवतच नाही. सदनिकाधारकाची समजूत मात्र पुष्कळदा अशी असते की, आपण वरच्या मजल्यावर राहतो, म्हणून वरची गच्ची आपली. कायदा तसे मानत नाही. स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, 2016 याने गच्चीची गणना सामाईक क्षेत्रात केली आहे. खरेदीखतात जमिनीचा ‘अविभक्त हिस्सा’ लिहिलेला असतो, तो याच कल्पनेचा भाग होय. हिस्सा प्रत्येकाचा असतो, पण त्याची रेघ ओढून दाखवता येत नाही. म्हणून सदनिकाधारकांच्या संघाची लेखी संमती हा पहिला आणि बहुधा सर्वांत कठीण कागद ठरतो.

तो कठीण का ठरतो, हे थोड्या हिशेबाने कळते. समजा, इमारतीत आठ कुटुंबे आहेत आणि गच्ची 150 चौरस मीटरची आहे. टाक्या, जिन्याची खोली, शेजारच्या उंच इमारतीची सावली आणि चालण्यापुरती वाट वगळली, तर 100 चौरस मीटर जागा कामाची उरते. एका कुटुंबाने तीन किलोवॅटची यंत्रणा बसवली की 30 चौरस मीटर संपले. तीन कुटुंबांनी बसवली की गच्ची जवळजवळ भरली आणि उरलेल्या पाच कुटुंबांना हक्क असूनही जागा राहिली नाही. जो आधी अर्ज करील त्याला गच्ची, असा न्याय शेजाऱ्यांना मान्य होण्यासारखा नाही. त्यांचा विरोध सूर्याला नसतो. आपला हिस्सा न विचारता वापरला जाण्याला असतो.

यातून दोन वाटा निघतात. प्रत्येक कुटुंबाने आपल्या वाट्याइतकीच, म्हणजे या उदाहरणात सुमारे एक किलोवॅटची यंत्रणा बसवावी. किंवा संपूर्ण इमारतीने मिळून एक यंत्रणा बसवून तिची वीज पाण्याचा पंप, जिन्यातील दिवे आणि उद्वाहन यांसाठी वापरावी. दुसऱ्या वाटेला शासनाचेही साहाय्य आहे. 2024 साली सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर : मुफ्त बिजली योजने’त गृहसंकुलांच्या सामाईक वापरासाठी प्रतिकिलोवॅट 18,000 रुपये अनुदान ठेवलेले आहे. कोणतीही वाट निवडली, तरी संघाच्या ठरावात काही गोष्टी स्पष्ट लिहिलेल्या असाव्यात : कोणती जागा, किती वर्षांसाठी, गच्चीला पुन्हा जलरोधक लेप द्यायचा झाल्यास पॅनेल कोणाच्या खर्चाने हलवायचे, आणि सदनिका विकली गेल्यास यंत्रणा कोणाची. तोंडी ‘हो’ पहिल्या पावसाळ्यात छत गळू लागेपर्यंतच टिकते.

दुसरा प्रश्न तारेचा. सौरयंत्रणा मुख्यतः दोन प्रकारच्या असतात. एका प्रकारात पॅनेलची वीज बॅटरीत साठवून घरातील स्वतंत्र जोडणीवर वापरतात. तिचा सार्वजनिक वीजजाळ्याशी संबंध येत नाही. त्यामुळे नेट मीटरची परवानगीही लागत नाही. मात्र बॅटरीचा खर्च मोठा असतो आणि केंद्रीय अनुदान मिळत नाही. दुसऱ्या प्रकारात यंत्रणा थेट वीजजाळ्याला जोडलेली असते. दुपारी घरात खप नसताना जास्तीची वीज रस्त्यावरच्या तारेत जाते, रात्री तेथूनच वीज घेतली जाते आणि ‘नेट मीटर’ दोन्हींचा हिशेब ठेवतो. ही परवानगी तमिळनाडू वीज वितरण महामंडळाकडून घ्यावी लागते. ‘टॅनजेडको’ या जुन्या कंपनीची 2024 साली पुनर्रचना होऊन वितरणाचे काम या महामंडळाकडे आले. तमिळनाडूत छतावरील विजेचे नियम अनेकदा बदलले आहेत : 2012 मध्ये राज्याचे सौरधोरण आले, 2013 मध्ये नेट मीटरचा आदेश निघाला, 2019 मध्ये हिशेबाची पद्धत बदलली आणि 2021 मध्ये घरगुती ग्राहकांसाठी पुन्हा नेट मीटर आला. म्हणून शेजाऱ्याने पाच वर्षांपूर्वी काय केले, हे ऐकून अर्ज भरू नये.

अर्ज अडतो तो बहुधा तंत्रज्ञानामुळे नव्हे. वीजजोडणी अजून बिल्डरच्या किंवा आधीच्या मालकाच्या नावावर असते. अर्जदाराचे नाव आणि जोडणीवरील नाव जुळत नाही. अशा वेळी आधी नावबदल करावा लागतो. तसेच यंत्रणेची क्षमता मंजूर भाराशी ताडून पाहावी लागते. भार कमी असेल तर तो वाढवून घ्यावा लागतो. बाकीची वाट आता पूर्वीपेक्षा सुकर आहे. वीज (ग्राहकांचे हक्क) नियमांत फेब्रुवारी 2024 मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार 10 किलोवॅटपर्यंतच्या अर्जाला तांत्रिक व्यवहार्यतेच्या तपासणीची गरज उरलेली नाही. परिपूर्ण अर्ज मंजूर झाला असेच मानले जाते. पाच किलोवॅटपर्यंतच्या यंत्रणेसाठी रस्त्यावरील वीजजाळे बळकट करावे लागले, तर तो खर्च वितरण कंपनीने सोसायचा आहे. उभारणी पूर्ण झाल्याचे कळवल्यावर 15 दिवसांत तपासणी, मीटर व कार्यान्वयन होणे अपेक्षित आहे.

इतके कागद कशासाठी, असे कोणालाही वाटेल. उत्तर इमारतीजवळच्या रोहित्रात, म्हणजे ट्रान्सफॉर्मरमध्ये आहे. रोहित्र 11,000 व्होल्टची वीज घरगुती दाबावर आणते. पण ते उलट दिशेनेही काम करते. दुरुस्तीसाठी वीजपुरवठा बंद केला असताना एखाद्या घरातून 230 व्होल्टचा प्रवाह तारेत शिरला, तर रोहित्राच्या पलीकडे तो हजारो व्होल्टचा होतो. तार मृत आहे असे समजून खांबावर चढलेल्या कामगाराचा त्याने जीव जाऊ शकतो. म्हणून जाळ्याची वीज जाताच इन्व्हर्टर आपोआप बंद पडलाच पाहिजे, असे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे 2013 चे विनियम सांगतात, आणि इन्व्हर्टरची ही चाचणी आयएस 16169 या भारतीय मानकानुसार होते.

याच नियमामुळे अनेकांचा हिरमोड होतो. डिसेंबर 2015 च्या पुरात आणि डिसेंबर 2023 च्या ‘मिचौंग’ चक्रीवादळात चेन्नईच्या अनेक भागांचा वीजपुरवठा खंडित झाला होता. अशा वेळी पाऊस थांबून लख्ख ऊन पडले, तरी जाळ्याला जोडलेली साधी यंत्रणा घरातील एक दिवाही लावत नाही. संकटकाळी वीज हवी असेल, तर बॅटरीसह चालणारा ‘हायब्रिड’ इन्व्हर्टर आधीच निवडावा लागतो. घरच्या घरी तार वळवून हा अडसर दूर करण्याचा प्रयत्न म्हणजे खांबावरील माणसाच्या जिवाशी खेळ आहे.

आता स्वतःच्या हातांचा मुद्दा. जानेवारी 2022 मध्ये केंद्र सरकारने असे जाहीर केले होते की, गृहस्थाने यंत्रणा स्वतः किंवा आपल्या पसंतीच्या विक्रेत्याकडून बसवावी आणि छायाचित्रासह वितरण कंपनीला कळवावे. त्या घोषणेची कात्रणे आजही दाखवली जातात. प्रत्यक्षात ‘सूर्यघर’ योजनेचे अनुदान हवे असेल, तर नोंदणीकृत विक्रेता आणि भारतीय बनावटीची पॅनेल लागतात. हे अनुदान एका किलोवॅटला 30,000, दोनला 60,000 आणि तीन वा अधिक किलोवॅटला 78,000 रुपये इतके ठरले. शिवाय जाळ्याशी जोडणारे विद्युतकाम परवानाधारक कंत्राटदाराकडूनच करून घ्यावे लागते.

हे बंधन अकारण नाही. ऊन असेपर्यंत पॅनेलमधील वीज बंद करता येत नाही. आठ पॅनेल एकापुढे एक जोडली, तर दिष्ट प्रवाहाचा दाब 400 व्होल्टच्या जवळ जातो. सैल जोडातून उडणारी ठिणगी सहज विझत नाही. वाऱ्याचाही विचार करावा लागतो. भारतीय मानकानुसार सांगाडा किती वाऱ्याला टिकावा याचा आधारभूत वेग पुण्यासाठी सेकंदाला 39 मीटर, तर चेन्नईसाठी 50 मीटर, म्हणजे ताशी 180 किलोमीटर आहे. 12 डिसेंबर 2016 रोजी ‘वरदा’ वादळाने शहरातील हजारो झाडे पाडली. अशा वाऱ्यात चार विटांवर टेकवलेले पॅनेल शेजारच्या गच्चीवर जाऊन पडेल. उलट सांगाडा घट्ट बसवण्यासाठी स्लॅबला वाटेल तशी भोके पाडली, तर जलरोधक थर फुटतो.

तरीही गृहस्थाला करण्यासारखे पुष्कळ उरते. कोणत्या महिन्यात कोठे सावली पडते याची नोंद ठेवणे, गच्चीचे माप घेणे, दोन-तीन विक्रेत्यांची दरपत्रके ताडून पाहणे, भूसंपर्कन प्रत्यक्ष झाले की फक्त बिलात लिहिले हे पाहणे आणि पुढे दर पंधरवड्याला काचेवरची धूळ धुणे, ही कामे त्याच्याइतक्या आस्थेने दुसरा कोणी करत नाही. क्षमता किती घ्यावी हा निर्णयही त्याचाच. तमिळनाडूत विजेचे बिल दोन महिन्यांनी येते; 2016 साली त्यातील पहिली 100 युनिटे घरगुती ग्राहकांना मोफत झाली आणि पुढचे दर टप्प्याटप्प्याने चढत जातात. तीन किलोवॅटची यंत्रणा दोन महिन्यांत सुमारे 700 युनिट देते. ज्या घराचा एकूण खपच 200 युनिट आहे, त्याने ती बसवणे म्हणजे दोन माणसांसाठी पंगतीचे पातेले चढवणे होय.

तपासणी होऊन नवा मीटर बसला की पहिले बिल नीट वाचावे. त्यात घेतलेली आणि दिलेली युनिटे स्वतंत्र रकान्यांत दिसली पाहिजेत. दुसरा रकाना कोरा असेल, तर स्थानिक सहायक अभियंत्याच्या कार्यालयात लेखी तक्रार देऊन पोच घ्यावी. तेथे दाद न मिळाल्यास वीज अधिनियम, 2003 नुसार ग्राहक तक्रार निवारण मंच आणि त्यानंतर विद्युत लोकपाल यांच्याकडे जाता येते. त्या वेळी संघाचा ठराव, अर्जाची पोच, तपासणीचा दाखला आणि मीटर बसवल्या दिवशीचे वाचन, एवढे कागद एकाच धारिकेत असावेत.